घासाघीस

मी घाटावरचा. बाजरीच्या भाकरीवर वाढलेला.
इथे, कर्लीच्या मुखाशी, दोन्ही बाजूंनी पाणी ऐकू येणाऱ्या
या इगर्जीत मला पाठवलं, तेव्हा
बांगडा कोणता नि तारली कोणती, तेही कळत नव्हतं.
रुजाय वाटा मांडायची, शंभर म्हणायची,
मी शंभर द्यायचो.
बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या:
"आमच्यासाठी देवाकडे बोलणारो पाद्री ह्यो,
आणि ह्येका चार बांगड्यांचो भाव करूक जमना नाय."

पाऊस सरल्यावरच्या एका रविवारी
मी अब्राहामावर बोललो.
शहर जळणार होतं, आणि एक म्हातारा
स्वतःला धूळ नि राख म्हणवून घेत
देवाच्या वाटेत उभा राहिला.
पन्नास नीतिमान सापडले तर?
पंचेचाळीस? चाळीस?
तीस. वीस.
मधल्या बाकांवरची डुलकी पहिल्यांदाच उडाली.
भाव उतरत होता. सगळ्यांना समजत होतं.
दहा.
इथे तो थांबला, मी म्हणालो, आणि आपल्या घरी गेला.

मिस्सेनंतर रुजाय आतल्या खोलीच्या दारात.
हात धुतलेले, तरी मनगटावर एक खवला चमकत होता.
"फादर, तो धावर थांबलो कशाक?"
मी सेमिनरीत शिकलेलं काहीतरी सांगू लागलो.
तिने ऐकून घेतलं, गिऱ्हाइकाचं ऐकतात तसं.
"समोरचो उभो आसा तवसर मागत रवाचा."

मग चौकटीला पाठ टेकून तिने
मिंगेलचा हिशेब काढला.
दर्या बंद असताना, नारळी पौर्णिमेच्या आधी,
दारूच्या उधारीपायी होडी काढली त्याने.
देह तिसऱ्या दिवशी पलीकडे, भोगव्याच्या खडकात.
कबुली नाही, तेल नाही, शेवटचा शब्द नाही.
पन्नास चांगल्या गोष्टी नाहीत त्याच्या.
वीस नसतील.
बोटांची पेरं मोजत ती खाली येत गेली.
शेजाऱ्याचं जाळं विकलेलं. मुलीच्या कानातलं विकलेलं.
तिच्या कपाळावरची खूण तर मीच पाहिली होती
आणि 'पडलंय' हे तिचं उत्तर चालवून घेतलं होतं.
दहा नाहीत. पाच नाहीत.
एका पेरावर अंगठा बराच वेळ थांबला.
मग तोही सरकला.
"एक पण गावना नाय, फादर.
आता तुमी काय बोलतलास?"

मधे उभं राहणं हेच माझं काम.
त्यासाठीच तेल लावून माझे हात बांधले होते,
ते फडकं आईने ट्रंकेत जपून ठेवलंय.
आणि माझ्यापाशी, सांगितली किंमत देण्यापलीकडे
कसलंच कसब नव्हतं.

पदराच्या गाठीतून तिने मिस्सेचे पैसे काढले. ओलसर.
"फाल्या, त्याच्या नावान."
थोडे कमी दे, मी म्हणालो.
ती चिडली.
"ह्येच्यात भाव करूचो नाय."

सोमवारी सहाची मिस्सा. पाच माणसं, एक कुत्रं.
मिंगेलचं नाव घेताना
माझा आवाज रोजच्यासारखाच निघाला, त्याची लाज वाटली.
मग भाकर उचलली.
मागून, घंटा वाजायच्या आधीच,
हळू, पण बाजारातल्या त्याच ठाम सुरात:
"ह्यो एक आसा.
ह्येच्यार भागव."

मी हात खाली घेतले नाहीत.
खांदे भरून आले. घंटा धरलेला पोरगा
माझ्याकडे बघत राहिला. वाऱ्याने एक मेणबत्ती गेली.
समोरचा उभा आहे तोवर.
बाहेर पुळणीवर होड्या लागल्या होत्या,
कुणीतरी मोठ्याने पहिला आकडा टाकला.